फाटलेल्या स्वराची जागा

लग्नसराईत, गणेशोत्सवात किंवा एखाद्या जयंतीच्या निमित्ताने जालना, अंबड, परतूर, भोकरदन यांपैकी कोणत्याही गावी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम उभा राहिला, की त्या रंगमंचाच्या मांडणीत एक विसंगती हटकून दृष्टीस पडते, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी तक्रारदेखील करीत नाही. साउंडवाल्याचे पॉवर अँप्लिफायर, इक्वलायझर, क्रॉसओव्हर हा सर्व सरंजाम लोखंडी रॅकमध्ये स्क्रूंनी आवळून, धुळीपासून आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांपासून दूर, रंगमंचाच्या एका कडेला बंदोबस्तात ठेवलेला असतो; आणि ज्या गिटारच्या स्वरावर निम्म्या गाण्यांचा रंग अवलंबून, तो स्वर घडविणारी साधने मात्र वादकाच्या पायाशी, सतरंजीवर, चार-पाच पेडलांच्या रूपाने वायरींच्या गुंत्यात विखुरलेली असतात. ज्या यंत्रांचे काम आवाज केवळ मोठा करण्याचे, त्यांना पेटी आणि कुलूप. ज्यांचे काम आवाजाला रूप देण्याचे, त्यांना धूळ आणि लाथ, हा व्यवहार उलटा आहे. गिटारचा डिस्टॉर्शनचा, म्हणजे वादक ज्याला फाटलेला म्हणतात तो, आवाज पेडलमधून न घेता रॅकमध्ये बसणाऱ्या प्रीअँपमधून घ्यावा, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात तर आग्रहाने तसाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फाटलेला आवाज म्हणजे बिघडलेला आवाज, अशी ज्येष्ठ श्रोत्यांची समजूत असते, आणि तिचे निराकरण केल्याखेरीज पुढचे सर्व विवेचन व्यर्थ ठरेल. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखालचा पिकअप जो विद्युत्‌संकेत देतो तो अत्यंत क्षीण, एका व्होल्टच्याही अंशात मोजण्याजोगा असतो. त्याला वाढविण्याचे काम प्रीअँप करतो. आणि ही वाढ त्या मंडलाच्या मर्यादेपलीकडे नेली, म्हणजे लहरीचा माथा वर जाण्याऐवजी सपाट कापला जातो. या कापलेल्या माथ्यातून असे उपस्वर जन्मास येतात, जे मूळ तारेत नव्हते किंवा अगदी दुर्बल होते. लहर दोन्ही अंगांनी सारखी कापली तर तिसरा, पाचवा, सातवा असे विषम उपस्वर प्रबळ होतात. एका अंगाने अधिक कापली तर सम उपस्वरही त्यांत मिसळतात आणि आवाजाला एक प्रकारचा भरदारपणा येतो. शिवाय तारेचे कंपन मंदावत गेले तरी कापलेला माथा पुष्कळ वेळ त्याच उंचीवर राहतो, म्हणून स्वर लांबतो, टिकतो, गळ्यातल्या स्वरासारखा खेचता येतो.

आता हे सर्व आपल्याला परके आहे काय? अंबडच्या दत्तजयंतीच्या संगीतोत्सवात ज्याने तंबोऱ्यांच्या मागे बसून एक रात्र काढली आहे, त्याला जवारी म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे कारण नाही. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित बाक दिलेल्या पृष्ठाला निसटता स्पर्श करीत राहते, तारेखाली सरकविलेल्या धाग्याने तो स्पर्श नेमक्या जागी आणला जातो, आणि त्या स्पर्शामुळे एका स्वरातून उपस्वरांचा झोत सुटतो. जवारी नसलेली तार स्वच्छ असते आणि तरीही तिला तंबोऱ्याची तार कोणी म्हणणार नाही. तारेच्या शुद्ध कंपनात हेतुपुरस्सर अडथळा घालून तिला समृद्ध करावयाचे, हे तत्त्व आपल्या संगीताने शतकानुशतके बाळगले आहे. गिटारच्या डिस्टॉर्शनमध्ये तो अडथळा विद्युतेच्या मार्गात येतो, एवढाच भेद. आणि येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे: जवारी मैफलीच्या आधी काढतात. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मिरजेतील कारागीर घोडी घासताना कानाने जो निर्णय करतो, तो शांतपणे, पुन्हा पुन्हा ऐकून, निश्चित केलेला असतो. ख्याल रंगात आला असता कोणी घोडी घासावयास बसत नाही. फाटलेल्या स्वराचीही तीच प्रतिष्ठा राखली पाहिजे. तो आधी ठरवावा, ठरविलेला जतन करावा, आणि प्रयोगाच्या वेळी जसाच्या तसा हजर व्हावा.

पेडलच्या कैवाऱ्यांना असे वाटते की पेडल हेच या आवाजाचे मूळ घर आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांनी वाजविलेला बास गिटारचा एक तुकडा आहे. नॅशव्हिलच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलचे एक चॅनेल बिघडल्यामुळे तो तुकडा फाटून आला, आणि ऐकणाऱ्यांना तो इतका आवडला की त्या स्टुडिओतील अभियंते ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम मुद्दाम उत्पन्न करणारे मंडल तयार केले. तेच पुढे १९६२ साली मेस्ट्रो फझ-टोन या नावाने पेडलच्या रूपात बाजारात आले, आणि १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने त्याला जगभर पोहोचविले. १९६८ साली बीटल्सनी ‘रेव्होल्यूशन’ मुद्रित केले तेव्हा गिटार थेट कन्सोलमध्ये जोडून तेथील प्रीअँप त्यांच्या मर्यादेपलीकडे चालविले होते. सारांश, पेडल ही प्रीअँपच्या फाटण्याची सुटसुटीत नक्कल होती. नक्कल चांगली साधली, स्वस्त पडली, पिशवीत मावली, म्हणून ती जगभर गेली. पण अस्सल आणि नक्कल यांची फारकत विसरावी असे त्यात काही नाही.

१९८० च्या दशकात या अस्सलाला पुन्हा त्याची योग्य जागा मिळाली. १९८३ साली मिडी ही संकेतव्यवस्था प्रसृत झाली, आणि १९८७ साली एडीए कंपनीचा एमपी-१ हा प्रीअँप आला. उंची रॅकच्या एका खणाएवढी, म्हणजे पावणेदोन इंच. रुंदी रॅकच्या मापाप्रमाणे एकोणीस इंच. आत बारा-ए-एक्स-सेव्हन जातीचे दोन व्हॉल्व्ह. आणि वादकाने ठरविलेल्या १२८ रचना स्मरणात ठेवण्याची सोय. त्यामागून मेसा-बूगीचा ट्रायॅक्सिस आला, १९९२ साली मार्शलचा जेएमपी-१ आला. या यंत्रांचा विशेष असा की स्वर व्हॉल्व्हमधूनच घडतो, परंतु कोणता स्वर केव्हा हवा याचा ताबा पायाशी ठेवलेल्या एका पट्टीकडे असतो. पायाशी ठेवलेली पट्टी म्हणजे शेवटी पेडलच, असा आक्षेप मी ऐकला आहे; तो वरवरचा आहे. त्या पट्टीपासून रॅकपर्यंत जाणाऱ्या वायरीतून गिटारचा स्वर मुळीच जात नाही, केवळ मिडीचा हुकूम जातो. तिच्यावर पाय पडला, पाणी सांडले, ती निकामी झाली, तरी स्वर आहे तसा चालू राहतो.

पेडलांचे याउलट आहे. सहा पेडले एकापुढे एक जोडली की गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत सात वायरी आणि चौदा जॅक होतात, आणि गिटारच्या सर्वांत नाजूक, सर्वांत क्षीण संकेताला त्या चौदा सांध्यांतून वाट काढावी लागते. यांपैकी एक सांधा सैल झाला तर आवाज बंद. कोणता सैल झाला ते शोधण्यासाठी भर कार्यक्रमात वादक गुडघे टेकून बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. वर्षभर वापरलेले पेडल उघडून पाहावे: स्विचच्या दांडीभोवती काळ्या मातीची बारीक धूळ बसलेली असते, तिच्यात अक्षतांचे तांबूस कण असतात, क्वचित झेंडूची वाळलेली पाकळी निघते, आवाजाचा खुंटा फिरवावा तर ‘खर्र’ करून ओरडतो, कारण त्याच्या कार्बनच्या पट्टीवरही तीच धूळ पोहोचलेली असते. मंगल कार्यालयाच्या मोकळ्या मैदानात, चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात, जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या वस्तूची दुसरी गती काय होणार? बनविणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याने ती जागा मनात धरलेली नव्हती.

परंतु सर्वांत मोठे कारण याहून निराळे आहे, आणि आपल्या बहुतेक तरुण वादकांच्या ते लक्षातच आलेले नाही. गिटारच्या अँप्लिफायरमधील स्पीकर हा पूर्ण पट्टीचा स्पीकर नसतो. सुमारे पाच हजार हर्ट्झच्या पुढचा आवाज तो झपाट्याने गाळून टाकतो, आणि कापलेल्या लहरीतून निघणारे जे अतितीव्र, कर्कश उपस्वर, ते श्रोत्यांच्या कानापर्यंत पोहोचतच नाहीत. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात गिटारचा स्वतंत्र अँप्लिफायर फार क्वचित असतो. पेडलची वायर सरळ मिक्सरमध्ये जाते, मिक्सरमधून ती पीएच्या टॉपमध्ये जाते, आणि टॉपचा हॉर्न आठ हजार, दहा हजार हर्ट्झपर्यंतचा कणन्‌कण इमानाने लोकांच्या कानांवर फेकतो. ‘रॉकस्टार’मधील ‘साड्डा हक’ वाजविताना मूळ गाण्यात जो घनगंभीर गर्जनेसारखा वाटतो, तोच आवाज आपल्या मांडवात खरखरीत आणि पातळ का होतो, याचे कारण वादकाच्या बोटांत नाही आणि पेडलच्या किमतीतही नाही; ते या गाळणीच्या अभावात आहे. जेएमपी-१ सारख्या प्रीअँपला स्पीकरची ही गाळणी आतच बसवून दिलेला वेगळा आउटपुट असतो. टेक-२१ कंपनीच्या सॅन्सअँप मालिकेतील रॅकमध्ये बसणारे उपकरण तर मूळ याच हेतूने बनविलेले, आणि त्यात व्हॉल्व्हही नाहीत. अशा उपकरणाची वायर मिक्सरला द्यावी, आणि हॉर्नमधूनदेखील गिटार गिटारसारखी ऐकू येते. एमपी-१ मध्ये ही सोय नाही, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

हीच गोष्ट बेंजो पार्टीला लागू पडते, किंबहुना अधिक लागू पडते. आपल्या मिरवणुकांतील बेंजो हा बुलबुलतरंगाचा, आणि त्यामागे १९१२ साली नागोया येथे गोरो मोरिता यांनी बनविलेल्या जपानी ताइशोगोतोचा वंशज. त्याला पिकअप बसवून आपल्या लोकांनी जे वाद्य सिद्ध केले, त्याच्या तीक्ष्ण, फाटत्या स्वरावर गावेच्या गावे नाचतात, आणि २०१६ साली रवी जाधव यांनी त्यावर हिंदी चित्रपटही काढला. या स्वराविषयी मला मनापासून आदर आहे. पण तो मिळविण्याची आपली रीत काय? पुष्कळदा अँप्लिफायरच पूर्ण शक्तीच्या पलीकडे रेटायचा, म्हणजे तो आपोआप फाटतो. या रीतीने फाटणारा पॉवर अँप्लिफायर कापलेल्या लहरीचा सारा भार हॉर्नच्या युनिटवर टाकतो, डायफ्राम जातो, कॉईल जळते, आणि मिरवणूक अर्ध्यावर असताना एका बाजूचा टॉप मुका होतो. शिवाय स्वर हवा तर गोंगाटही हवाच, अशी अट त्यात आपोआप येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना मनाई केली आहे; पोलिसांची नोटीस आणि मंडळांची दरखास्त यांचा सामना दर वर्षी चालतो, आणि त्यात वाद्य उगीच बदनाम होते. प्रीअँपमध्ये फाडलेला स्वर हा आवाजाच्या पातळीपासून स्वतंत्र असतो. तो हवा तितका हळू करता येतो आणि तरीही त्याचा बाज तसूभर हलत नाही. फाटण्याचे काम लहान व्हॉल्व्हकडे, मोठे करण्याचे काम मोठ्या यंत्राकडे, अशी कामाची वाटणी झाली तर वाद्याची अब्रू राहील आणि शेजाऱ्याची झोपही.

पेडलच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केलेच पाहिजे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला पहिला फाटलेला आवाज बॉसच्या डीएस-१ सारख्या साध्या पेडलमधूनच ऐकावयास मिळतो, आणि ते मिळावेच. १९७८ पासून हे नारिंगी पेडल तेच काम करीत आले आहे. कर्ट कोबेन यांनी रॅकमधील मेसा-बूगीचा प्रीअँप आणि त्याच्या पुढे बॉसचे पेडल अशी दोन्ही साधने एकत्र वापरली, तेव्हा एकाने दुसऱ्याला वाळीत टाकावे असा कोणताही शास्त्रार्थ नाही. पण विद्यार्थ्याचे साधन आणि धंद्याचे साधन यांत फरक असतो. ज्याला सराईच्या दिवसांत आज बदनापूर, उद्या मंठा आणि परवा जाफराबाद असे फिरून पोट भरावयाचे आहे, त्याने नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर आपली कीर्ती का टांगून ठेवावी? (अलीकडे सर्व काही संगणकाने करणारी फ्लोअर युनिटे आली आहेत, त्यांचा स्वर पुष्कळ सुधारला आहे, परंतु ती ठेवावयाची जमिनीवरच, म्हणून माझा आक्षेप कायम.)

रॅकच्याही अडचणी आहेत, आणि त्या लपवून शिफारस करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही यंत्रे बहुतेक जुनी, दुसऱ्या हाताची मिळतात. अमेरिकेतून आलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात सरळ खुपसले तर क्षणात जळेल, म्हणून व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर रॅकमध्येच कायमचा बसवून घ्यावा. मांडवात जनरेटरवर फोकस पेटले की दाब कोसळतो. त्यासाठी स्टॅबिलायझर हवा. एमपी-१ आणि जेएमपी-१ यांची स्मृती आतल्या एका लहानशा बॅटरीवर जगते, आणि ती बॅटरी संपली की ठरविलेल्या साऱ्या रचना पुसल्या जातात. गावातला कोणताही जाणता रेडिओ मेकॅनिक ती बदलून देईल, तरी प्रत्येक रचनेचे आकडे एका वहीत उतरवून ती वही रॅकच्या पेटीतच ठेवावी. व्हॉल्व्ह काचेचे असतात, राजूरच्या रस्त्यावर टेम्पोत हादरे बसतात. पेटीला आतून फोमचे अस्तर द्यावे. गिटारपासून रॅकपर्यंतची वायर मीटरमागे सुमारे शंभर पिकोफॅरडचा भार टाकते आणि लांबी वाढली की वरचे तेज खाते, तेव्हा रॅक वादकापासून पाच-सहा मीटरच्या आत असावा. ही तजवीज एकदा केली की पुन्हा करावी लागत नाही. पेडलांचा बंदोबस्त मात्र प्रत्येक कार्यक्रमाला नव्याने करावा लागतो.

खर्चाविषयी बोलताना एका पेडलशी एका प्रीअँपची तुलना करण्याची जी पद्धत आहे, ती हिशेबाला धरून नाही. पाच चांगली पेडले, त्यांची फळी, त्यांचा पॉवर सप्लाय आणि त्यांच्या वायरी यांची बेरीज मांडावी, आणि मग जुन्या प्रीअँपच्या किमतीशी ताडून पाहावे. अंतर पुष्कळ कमी भरेल. पॉवर अँप्लिफायर तर साउंडवाल्याचा असतोच. आणि रॅकचा सांगाडा परमुलुखातून आणण्याचे कारणच नाही: ज्या जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड वितळते आणि ज्याच्या सळ्या दूरदूरच्या इमारतींत जातात, तेथल्या कोणत्याही फॅब्रिकेटरला एकोणीस इंचांचे माप दिले तर तो अँगल कापून, भोके पाडून असा सांगाडा बनवून देईल. आपल्या साउंडवाल्यांना तर ही विद्या मुखोद्गत आहे. एकोणीस इंच आणि पावणेदोन इंच ही मापे त्यांना निराळी सांगावी लागत नाहीत. ज्ञान येथे आहे, लोखंड येथे आहे, कान येथे आहेत. फक्त गिटारला त्या पेटीत अद्याप कोणी जागा दिलेली नाही.

म्हणून ऑर्केस्ट्राच्या मालकांना, गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलन समित्यांना माझी अशी विनंती आहे की या वर्षी आणखी एक बेस वाढविण्यासाठी जी रक्कम बाजूला काढली असेल, ती एका प्रीअँपसाठी वळवावी. तो मंडळाच्या मालकीचा असावा, वादक बदलला तरी स्वर मंडळापाशी राहावा, आणि वहीतल्या रचना नव्या वादकाच्या हाती जुन्याने सुपूर्द कराव्या. आणि साउंडवाल्यांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या सराईसाठी रॅक भरताना त्यांनी त्यात दोन खण, म्हणजे साडेतीन इंच, मोकळे ठेवावेत: वरचा प्रीअँपसाठी, खालचा त्याच्या स्टॅबिलायझरसाठी.